डाव्या चाकाचं तेल

हुक्केरीच्या अलीकडं चहाला थांबलो. भाचा खाली वाकला, ट्रेलरच्या चाकाआड बघितलं आणि नुसतं म्हणाला, "मामा, परत."

बोटीच्या ट्रेलरचं डावं चाक. आतल्या बाजूनं, मध्यापासून रिमच्या कडेपर्यंत तेलाचे काळे फराटे उठलेले, रंगपंचमीला कुणी पिचकारी मारावी तसे. त्यावर रस्त्याची धूळ बसून काजळीसारखा चिकटा झालेला. उजवं चाक मात्र कोरडं ठणठणीत. अजून हिडकलचं धरण गाठायचं होतं, बोट पाण्यात उतरवायची होती, आणि मागं ताडपत्रीवर बसलेली पाच-सहा पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत तीस वर्षं काढलेला माणूस, म्हणजे मला कळणारच, असा त्यांचा समज. उद्यमबागेत मी काय करत होतो हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं, आणि मीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं.

मी एका फौंड्रीत स्टोअर सांभाळत होतो. चिठ्ठी घेऊन माणूस येणार, बेअरिंग मागणार, मी रॅकवरनं काढून देणार, वहीत लिहून सही घेणार. तीस वर्षांत हजारो ऑइल सीलं, म्हणजे तेल अडवणारी कडी, माझ्या हातातून गेली असतील. त्यातलं एकही मी स्वतः ठोकून बसवलेलं नाही. नग मोजणाऱ्याचा स्वभाव असा होतो की काहीही बिघडलं की पहिलं डोक्यात येतं, जुना नग काढा, नवा द्या. या चाकाच्या बाबतीत मी नेमकं तेच करत बसलो होतो.

बोट माझी नव्हे, बहिणीच्या गावच्या तरुण मंडळाची. गाव दूधगंगेच्या काठाला, चिकोडी तालुक्यात. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आमच्याकडं कुणाला सांगावा लागत नाही. निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गच पाण्याखाली गेला होता. कल्लोळ-यडूरचा बंधारा तर दर पावसाळ्यात बुडतोच, त्याची बातमी आता कुणी वाचतसुद्धा नाही. त्या वर्षी खालच्या गल्लीतली म्हातारी माणसं बाहेर काढली ती ट्रॅक्टरच्या ट्यूबांवर बसवून आणि गुऱ्हाळातल्या काहिलीतून. काहील म्हणजे रस आटवायची कढई. ती पाण्यावर तरंगते, पण वल्हवायला लागलं की भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरते. माझी बहीण त्या काहिलीतून आली. "ऊस आटवतात त्यात मला आटवलं," असं ती अजून म्हणते.

पुढं वर्गणी काढून पोरांनी गोव्यातनं एक जुनी फायबरची बोट आणली, ट्रेलरसकट. चोर्ला घाटातनं बोलेरोच्या मागं लावून. ट्रेलरला परदेशी एक्सल. आपल्याकडच्या ट्रॉलीच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ गाभ्यात, ग्रीस असतं, याच्या हबात पातळ गिअर ऑइल, आणि चाकाच्या मधोमध घड्याळाच्या काचेसारखं पारदर्शक टोपण. आत तेल किती आहे ते बाहेरनंच दिसतं. तेल निम्म्यापर्यंत पाहिजे, वरपर्यंत भरायचं नाही. गरम झाल्यावर फुगायला त्याला जागा लागते. भाच्याला या काचेचं फार कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

पहिल्या वर्षीच त्या काचेतलं तेल पांढरं पडलं. दोन्ही बाजूंचं. मधासारखं होतं ते चहावरच्या सायीसारखं झालं. मी म्हटलं, तेल भेसळीचं असेल, बदला. बदललं. हिडकलची एक फेरी झाली, परत पांढरं. तेव्हा मी उद्यमबागेतल्या आमच्या जुन्या टर्नरकडं, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याकडं, ट्रेलर नेला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. कारखान्यातनं निवृत्त होऊन त्यांनी एका गाळ्यात दोन लेथ आणि एक ग्राइंडर टाकलाय. अण्णा कानडी बोलतात, मी मराठी, आणि पस्तीस वर्षांत कुणाचं काही अडलेलं नाही. हब, सील, बेअरिंग, लेथ हे शब्द दोघांचेही सारखेच, राहिलेलं हातवाऱ्यांवर भागतं.

अण्णांनी टोपण काढलं, बोट बुडवून ते तेल अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाले, "वळग नीर होक्काव." आत पाणी शिरलंय.

"पण सील हाय की आत."

"हाय की. आतलं तेल अडवायला हाय. भायेरचं पाणी कोण अडवणार?"

आणि मग त्यांनी मला ते सील दाखवलं, जे मी तीस वर्षं नुसतं मोजत आलो होतो. लोखंडी कड्याच्या आत रबराचा एक पातळ ओठ. ओठाच्या मागं दोरीसारखी बारीक स्प्रिंग, ओठ दांड्यावर दाबून धरायला. स्प्रिंगची बाजू तेलाकडं करून बसवतात. आतनं दाब आला की ओठ आणखी घट्ट बसतो. पण दाब बाहेरनं आला की तोच ओठ उचलला जातो. माणसाच्या ओठासारखंच आहे ते, फुंकायला वेगळं आणि ओढायला वेगळं.

आता बाहेरनं दाब कुठला? गावापासनं हिडकलपर्यंत पन्नासेक किलोमीटर चाक फिरतं. हब तापतो, आतली हवाही तापते. धरणावर पोचल्या पोचल्या पोरं हुर्रे करून ट्रेलर पाण्यात मागं ढकलतात. गरम हब गार पाण्यात. आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतनं पाणी ओढून घेते, पिचकारीचा दट्ट्या मागं ओढावा तसं. मी घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. हब ६० अंशांवरनं २५ वर आला तर बंद हवेचा दाब दहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणजे जवळजवळ मीटरभर खोल पाण्याचा जोर. हब बुडतो जेमतेम हातभर. नुसतं बुडण्यानं जेवढं पाणी आत रेटलं जाईल, त्याच्या दुप्पट जोर त्या ओढीत आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, पाणी शिरतं म्हणजे आपणहून शिरतं.

बेअरिंग काढली तेव्हा कपाच्या, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याच्या, चकचकीत आतल्या पृष्ठभागावर गंजाच्या आडव्या रेघा होत्या. सारख्या अंतरावर, फूटपट्टीनं आखल्यासारख्या. एकेक रेघ म्हणजे एकेक रोलर जिथं टेकून उभा होता ती जागा. पाऊस संपल्यावर ट्रेलर आठ महिने शेडात, तेलातलं पाणी खाली बसलेलं, चाक एकाच जागी. फिरत राहिलं असतं तर एवढं झालं नसतं. ते निमुळत्या रोलरचं बेअरिंग हातात घेऊन अण्णा बराच वेळ बघत होते. अशा बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेननं १८९८ मध्ये घेतलं, आणि तो गडी मुळात घोडागाड्या बांधणारा. वळणावर चाकाला बाजूनं जो रेटा बसतो तो त्याला गाडीवानांच्या तक्रारींतनंच कळला असणार, असं मला उगाच वाटतं. आमच्या आजोबांच्या बैलगाडीला यातलं काहीच नव्हतं. लोखंडी आस, लाकडी चाक, मधे एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या आणि गाडीखाली लोंबकळणारं वंगणाचं नळकांडं. करकर वाढली की थांबून चाक काढायचं, वंगण चोपडायचं. गळायचं तेही, पण ते गळतंय म्हणून कुणी रडत नव्हतं.

नवी बेअरिंग कोल्हापुरातनं आणली. बहिणीच्या गावाला बेळगावापेक्षा कोल्हापूर जवळ. नकाशावर मधे रेघ आहे, पण स्पेअर पार्टला आणि नदीला त्याचं काही नाही. पावसाळ्यात गावातली निम्मी माणसं काळम्मावाडी धरणातनं किती पाणी सोडलं, राजापूर बंधाऱ्यावर किती क्युसेक, यातच असतात. त्या वेळी आमचा जिल्हा कुठल्या राज्यात हे विचारायला कुणाला सवड नसते.

बेअरिंगं नवी, सीलं नवी, आणि चाकं गळायला लागली. दोन्ही. आधी पाणी आत येत होतं, आता तेल बाहेर जायला लागलं. मी सील बदललं. सीलवर ४२-६२-१० लिहिलेलं असतं: दांडा ४२ मिलिमीटर, बाहेरचं भोक ६२, रुंदी १०. तोच नंबर, दुसरी कंपनी. तरी गळती. मग दोन ओठांचं आणलं, एक तेलासाठी आणि एक बाहेरच्या पाण्याधुळीसाठी. तरी गळती. "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला" म्हणतात त्यातलीच गत. अण्णांनी तिसऱ्या खेपेला मला हब काढायला लावला, माझं बोट धरलं आणि एक्सलच्या दांड्यावर, सील बसतं त्या जागी नखानं आडवं ओढायला सांगितलं.

नख अडलं.

डोळ्याला नुसती एक काळसर रेघ दिसत होती. नखाला ती चर म्हणून लागली. वर्षानुवर्षं रबराचा ओठ एकाच जागी फिरून, मधे वाळूचा कण सापडून, पोलादाला खाच पडलेली. रबरानं पोलाद झिजवलं हे मला पटेना. अण्णा म्हणाले, "रबर नव्हं, रबरात रुतलेली माती." नवं सील त्याच खाचेत बसणार आणि खाचेतनं तेल जाणार. शंभर सीलं बदलली असती तरी.

उपाय दोन होते. त्या जागेवर बसवायला कागदासारखी पातळ स्टीलची तयार बाही मिळते, पण आमच्या मापाची लगेच मिळेना. दुसरा म्हणजे दांड्यावर नवी रिंग चढवायची. अण्णांनी ती केली. ४८ मिलिमीटर बाहेरची, आतनं ४२ ला घट्ट, तापवून चढवायची, खालून तेल झिरपू नये म्हणून आत सीलंट. दांड्याचं माप ४८ झालं म्हणून सील ४८-६२-८ चं. एकाच सळईतनं, एकाच लेथवर, एकाच सकाळी तीन रिंगा काढल्या. दोन चढवल्या, एक जादा म्हणून ठेवली. हब धरून ठेवणारा खाचांचा कॅसल नट चाक फिरवत आवळला, मग सैल सोडून नुसत्या बोटांनी टेकवला, स्प्लिट पिन घातली. फार आवळला तर बेअरिंग जळतं. फार सैल ठेवला तर हब डुगडुगतो आणि प्रत्येक फेऱ्याला सीलचा ओठ एका बाजूनं उघडतो. चाक धरून हलवलं तर हाताला जेमतेम कळेल, कागदाच्या जाडीएवढं, इतपतच ढिलं.

आणि एवढं करून हुक्केरीच्या अलीकडं भाचा म्हणाला, "मामा, परत."

यावेळी नवीन होतं ते एवढंच की गळत होतं फक्त डावं. भाच्याचं म्हणणं, रस्ता डावीकडं उतरता असतो म्हणून तेल त्या बाजूला जातं. मला पटलंही होतं. पण चिकोडीला येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं की डाव्या चाकात उतार बाहेरच्या बाजूला आहे, तेल जाणार टोपणाकडं. सील तर आतल्या बाजूला. त्या हिशोबानं गळायला उजवं पाहिजे होतं. मग आम्ही तापमान बघितलं. कोरोनात ग्रामपंचायतीनं घेतलेलं कपाळाचं थर्मामीटर पडून होतं, ते हबला लावलं. ४३ च्या पुढं ते आकडाच दाखवत नाही, नुसतं 'हाय' म्हणतं. दोन्ही हबना 'हाय' म्हणालं. त्याला वाटलं असेल, दोघांना ताप आलाय.

सगळं धुऊन पुसून कोरडं केलं, खडूची पूड फुंकून बसवली, गावातनं दहा किलोमीटर फिरवून आणलं आणि टॉर्च लावून बघितलं. पूड भिजायला सुरुवात झाली होती ती ओठापाशी. म्हणजे रिंगेखालून नाही, टोपणातनं नाही, ओठाखालूनच. सील बदललं, तसंच. डावा हब उजवीकडं आणि उजवा डावीकडं घातला. गळती डावीकडंच राहिली. हब गेला, सील गेलं, बेअरिंग गेलं, गळती काही घर सोडायला तयार नाही. म्हणजे जे काही होतं ते एक्सलवर होतं, आणि एक्सलवर नवीन होती ती फक्त रिंग. उजवीकडंही तशीच रिंग. जुळी भावंडं, एक रडकं, एक शहाणं.

गाळ्यात अण्णा हे सगळं ऐकून घेत होते. मधेच उठले. फळीवरची तिसरी रिंग घेतली, मँड्रेलवर, म्हणजे काम अडकवायच्या दांड्यावर, चढवून लेथला लावली. खिशातनं दोरा काढला, साधा शिवणाचा पांढरा दोरा, तेलाच्या बोटानं ओला केला. रिंगवरनं सोडून खाली टोकाला एक बारका नट बांधला, आणि लेथ अगदी हळू सुरू केला.

दोरा चालायला लागला.

रिंग जागच्या जागी फिरत होती. कुणी हात लावलेला नव्हता. आणि दोरा मुंगीच्या चालीनं, पण ठरवल्यासारखा, डावीकडं सरकत होता. रिंगेच्या कडेला पोचला. अण्णांनी तो परत मधे आणून ठेवला आणि लेथ उलटा फिरवला. दोरा उजवीकडं चालायला लागला.

मी आणि भाचा खाली वाकून बघत राहिलो. बाहेर खानापूर रोडवरनं उसाचे ट्रॅक्टर जात होते, त्यांच्या आवाजात अण्णांचं बोलणं निम्मं कळत होतं. लेथवर काम फिरत असतं आणि हत्यार एका बाजूला सरकत असतं. त्यामुळं हत्याराची जी रेघ उठते ती गोल नसते, ती स्क्रूचा आटा असते. कितीही बारीक असो, डोळ्याला आरशासारखी दिसो, आटा तो आटाच. सीलचा ओठ त्या आट्यावर फिरतो आणि तेल आट्यातनं चढतं. फिरणं एका दिशेनं असलं तर तेल आत जातं, उलट दिशेनं असलं तर बाहेर. अण्णा हे हायड्रॉलिकच्या कारखान्यात पंपाचे शाफ्ट करताना शिकलेले. तिथं प्रत्येक शाफ्टला दोरा लावून बघायचे.

"पण दोन्ही रिंगा सारख्याच," भाचा म्हणाला.

"चाकं सारखी फिरतात काय?" अण्णांनी विचारलं.

गाडी पुढं जात असताना डाव्या बाजूला उभं राहून बघा, डावं चाक घड्याळाच्या उलट फिरतं. उजव्या बाजूला जाऊन बघा, उजवं घड्याळासारखं फिरतं. रिंगा सारख्या, आटा सारखा, फिरणं उलट. त्यामुळं उजवी रिंग तेल आत ओढत होती, डावी बाहेर फेकत होती. मी टेबलावर दोन बाटल्यांची झाकणं घेऊन हे स्वतःला पटवायला पाव तास घालवला. रिंग उलटी करून बसवली तर? आटा उलटा होत नाही, बोल्ट कुठल्याही टोकानं धरला तरी आटे त्याच बाजूला वळलेले असतात.

अण्णा लेथ बंद करून हात पुसत म्हणाले, "नंद तप्पु." माझी चूक. ग्राइंडरवर घ्यायला हवी होती, घाई केली. त्यांच्या तोंडून ते इतकं सहज आलं की मला माझी तीन वेळची सीलं आठवली, जी बदलताना प्रत्येक वेळी मी कंपनीला शिव्या दिल्या होत्या.

मी म्हटलं, मग डावी तेवढी बदलू, उजवी बरी आहे. अण्णांनी मान हलवली. उजवीचं टोपण पुसायला सांगितलं. उन्हात धरून बघितलं तर तेल गढूळ. पांढरं नव्हे अजून, पण मध राहिलेला नव्हता. आट्याला तेल काय, पाणी काय, सगळं सारखंच. जे बाहेर असेल ते आत ओढणार. चाक जरा तापलं, पाण्यात गेलं की दोन्ही ओढी एकाच बाजूला. ज्या चाकाला आम्ही शहाणं म्हणत होतो तेच आतनं बिघडत चाललं होतं. डावं बिचारं निदान गळून सांगत तरी होतं.

जुन्या रिंगा काढणं हे जिकिरीचं काम. ग्राइंडरनं रिंगेला आडवी चीर पाडायची, पण पार खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर दांड्याला जखम होते. केसभर राहिलं की छिन्नीचा एक ठोका. टच्च आवाज येतो आणि रिंग सुटते. नव्या रिंगा लेथनंतर ग्राइंडिंगला घेतल्या. ग्राइंडरचं चाक सरळ आत टेकवायचं, आडवं सरकवायचं नाही. शेवटी बारीक पॉलिश पेपर एकाच जागी धरून. मग परत दोरा. या खेपेला तो रिंगच्या मधोमध थरथरत उभा राहिला, सरकला नाही. अण्णांनी घड्याळ लावून पाच मिनिटं बघितलं. आम्हीही. पाच मिनिटं तीन बाप्ये एका स्थिर दोऱ्याकडं टक लावून बसलेत हे बघून चहावाला पोरगा म्हणाला, "काय करुलालाय वो?" कुणी उत्तर दिलं नाही.

नंतर हिडकलला चार फेऱ्या झाल्या. धरणावर पोचलं की अर्धा तास थांबायचं, हब हाताला गार लागल्याशिवाय ट्रेलर पाण्यात घालायचा नाही, असा नियम केला. पोरांना तो अजिबात आवडला नाही. भाच्यानं तर सरळ विचारलं, "मामा, पुरात माणूस छपरावर बसलेला असताना आम्ही काय चाक गार व्हायची वाट बघू काय?" मला उत्तर सुचलं नाही. त्यानंच काढलं. ट्रेलर गावाबाहेरच्या मोठ्या शेडातनं काढून खालच्या गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या आवारात आणून ठेवला. तिथनं पाणी जिथं येतं तिथपर्यंत चारशे पावलं. तेवढ्यात हब तापत नाही.

गेल्या पावसाळ्यात पाणी आलं ते नेहमीचंच, मारुतीच्या पायरीपर्यंत. बोट उतरवली ती माणसांसाठी नव्हे, पलीकडच्या मळ्यात अडकलेल्या म्हशींना वैरण न्यायला. बहीण काठावर छत्री धरून उभी होती. बोट ओढून परत ट्रेलरवर घेतली, तेव्हा भाच्यानं आधी खाली वाकून दोन्ही चाकांच्या आत टॉर्च मारला, मग टोपणं अंगरख्याच्या टोकानं पुसली आणि मला फोटो पाठवले. डावीकडचा आणि उजवीकडचा, कुठला कुठला ते लिहिलं नव्हतं. मी बराच वेळ बघत होतो, ओळखता आलं नाही.